इरपटोला रिठी नाई

"रिठी नाई गा बाबू. सकाळी चूल पेटवूनच आलो."

माझ्या टेबलासमोर उभे राहून भाऊंनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. पुढे कित्येक वर्षं प्रत्येक भेटीत पहिलं वाक्य हेच राहिलं. लोक रामराम करतात, नमस्कार करतात. भाऊ हे म्हणत. मग खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसत आणि विचारत, "मिटलं का तुह्या कागदातलं?"

मिटलेलं नसे.

तुम्ही सरकारी कचेरीत कधी बसला असाल, किंवा नुसते रांगेत उभे राहिला असाल, तर अशी माणसं पाहिली असतील. वर्षानुवर्षं एकाच कामासाठी येतात. शिपाई त्यांना नावानं ओळखतो, कुत्रं त्यांच्यावर भुंकत नाही. आपण त्यांच्याकडे बघून हसतो आणि मान खाली घालतो. मीही तेच करायचो. म्हणून आज थोडं नीट सांगावंसं वाटतं. भाऊंचं नाव मात्र लिहीत नाही. त्यांची बायको अजून त्याच गावात राहते.

रिठी म्हणजे काय ते आधी सांगतो. ज्या गावाला नाव आहे, शीव आहे, नकाशावर जागा आहे, पण वस्ती नाही, त्याला आमच्याकडे रिठी गाव म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात अशी गावं पुष्कळ. कधी देवीची साथ आली, कधी वाघ लागला, कधी पाणी आटलं. माणसं उठून दुसरीकडे गेली आणि नाव तेवढं दप्तरात राहिलं. गाववार यादीत अशा नावासमोर लोकसंख्येच्या रकान्यात एकच शब्द असतो : निरंक.

इरपटोल्यासमोर तोच शब्द होता. मोहाच्या फुलाला गोंडीत इरपू म्हणतात, त्यावरून गावाचं नाव. भाऊ लहान असताना देवीच्या साथीत गाव उठलं होतं. पण झाडं तिथेच राहिली, बांध तिथेच राहिले, पूर्वजांचे दगड तिथेच राहिले. भाऊ जवान झाले, लग्न झालं, तसे ते बायकोला घेऊन परत आले. त्यांच्या मागून बाकीची घरं आली. सतरा घरं झाली. दप्तराला मात्र हे कुणी कळवलं नाही.

मी तालुक्याच्या कचेरीत नव्वदच्या दशकाच्या मध्याला लागलो. कनिष्ठ लिपिक. घर वडशाचं, अब्बांचं तिथे रुई पिंजून गाद्या-रजया भरायचं दुकान. शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी, सोमवारी सकाळी परत. गाववार याद्यांचं टेबल माझ्याकडे आलं आणि त्यासोबत भाऊ आले. आधीच्या बाबूनं कार्यभार देताना सांगितलं, "हे कपाट, ही किल्ली, आणि हे इरपटोला."

भाऊ सगळ्यांना 'तू' म्हणत. शिपायाला तू, मला तू, तहसीलदारसाहेबांनाही तू. गोंडी बोलणाऱ्या माणसाच्या मराठीत ते तसंच यायचं, त्यात उर्मटपणा नव्हता. एकदा साहेबांना ते म्हणाले, "तू चाल माह्यासंग. जेवून वापस येजो." साहेब हसले. कचेरीतले सगळे हसले. भाऊ हसले नाहीत, कारण ते खरंच जेवायला बोलावत होते.

पुरावा आणा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कागदाचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. म्हणून ते माणसं आणू लागले.

पहिल्यांदा एका म्हातारीला आणलं. तिला माझ्या टेबलासमोर उभं केलं आणि म्हणाले, "हे पाह्य. इरपटोल्याची. हात लावून पाह्य." म्हातारी घाबरून माझ्याकडे बघत होती. पुढच्या बाजाराला एक लंगडा माणूस. त्याच्यानंतर एक बाळंतीण, महिन्याच्या बाळासकट. "हे तर तिथीच पैदा झालं, आता बोल." मग शिपाईच विचारू लागला, "काय भाऊ, आज कोनाले आनलं?" एकदा कुणीच यायला तयार नव्हतं, तर भाऊंनी डोक्यावर एवढा मोठा भोपळा आणला. "रिठी गावात कोनी भोपळा लावते का?"

साहेब म्हणाले, "भोपळा कुठल्याही गावचा असू शकतो."

भाऊंनी भोपळ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "मंग मानूसबी कुठलाही असू शकते," ते म्हणाले. "तूबी."

भोपळा आम्ही कचेरीत वाटून घेतला. भाजी गोड झाली होती.

हसण्यासारखं तेवढंच होतं. बाकी सगळं असं होतं : हातपंप मागितला तर पाणीपुरवठ्याचे लोक म्हणत, लोकसंख्या निरंक. शाळा मागितली तर लोकसंख्या निरंक. मतदार यादीत नावं घाला म्हटलं तर, आधी गाव वस्तीचं करून आणा. वस्तीचं करायला शिरगणतीचा आकडा लागतो, आणि शिरगणती दहा वर्षांतून एकदा. मधला एक रस्ता होता. पटवाऱ्यानं जागेवर जाऊन अहवाल द्यायचा. पण पटवारी जायला तयार नव्हता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "जंगलात गेलो त बंदूकवाले इचारतील, काऊन आला? वापस आलो त पोलीस इचारतील, काय पाह्यलं? दोघाइले मी काय सांगू?" त्याला दोन लहान मुली होत्या.

मागच्या शिरगणतीत काय झालं ते भाऊंनी मला एकदा व्हरांड्यात बसून सांगितलं. तेव्हा एक मास्तर नाल्यापर्यंत आला होता. भाऊ गुरं पाणी पाजायला तिथेच होते. मास्तर दमला होता. भाऊंनी त्याला वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी दिलं.

"मले म्हने, गाव किती दूर? मी म्हनलो, दोन बिड्या. चालता चालता दोन बिड्या ओढल्या का गाव. तो बसला. कागद काढला, लिवलं, अना गेला. मले वाटलं, लिवून घेतलं."

"तुम्ही विचारलं नाही काय लिहिलं?"

"मले काय वाचता येते?" भाऊ म्हणाले. "पानी पेला ना तो माह्या हातचं. पानी पेल्यावर मानूस खोटं लिवन, असं काऊन वाटन?"

एका पावसाळ्यात ते दोन महिने आले नाहीत. आले तेव्हा उजवा पाय सुजलेला होता. रस्त्यावर एसटी थांबवून पोलिसांची तपासणी चालली होती. कुठल्या गावचा विचारलं, भाऊंनी इरपटोला सांगितलं. नकाशा काढला गेला, यादी काढली गेली. तिथे तर कुणी राहत नाही, मग तू तिथे काय करतो? दोन दिवस त्यांना बसवून ठेवलं होतं.

मी चिडलो. "भाऊ, दुसरं गाव सांगायचं. बाजाराचं गाव सांगायचं. काय बिघडलं असतं?"

ते पायावरून हात फिरवत होते. "मी दुसरं सांगीन," ते म्हणाले, "त माहं गाव कोन सांगन?"

अखेर शिरगणती आली. काम माझ्याच टेबलावर. ज्या शिक्षकाकडे तो भाग दिला होता त्यानं आजारपणाचं सर्टिफिकेट आणून ठेवलं. मी फाईल घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब सही करता करता म्हणाले, "गाव रिठी आहे ना? निरंक लिही. विषय संपला."

मी तिथेच उभा राहिलो. "गाव आहे, सर," असं काहीतरी पुटपुटलो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "जायचं तर जा. मी पाठवलेलं नाही."

मी जाईन असं मी म्हणालोच नव्हतो. पण आता 'नाही' म्हणायचं तर त्या मास्तरानं नाल्यावर बसून लिहिण्यात आणि मी टेबलावर बसून लिहिण्यात फरक काय?

भाऊंना निरोप धाडला आणि ठरलेल्या दिवशी निघालो, तर जंगलातल्या लोकांनी बंद पुकारलेला. रस्त्यावर झाडं पाडलेली. एसटी दोन दिवस हलली नाही. तिसऱ्या दिवशी बाजाराच्या गावी उतरलो तेव्हा भाऊ थांब्यावर बसले होते. तीन दिवस तिथेच बसून होते. मला बघून उठले आणि माझी पिशवी घेतली.

दोन तास चाललो. पळस फुलला होता. नाला आला तसे भाऊ म्हणाले, "इथी बसला व्हता मास्तर." मी पाण्यात पाय घातला तर पाणी घोट्याएवढं. पलीकडे चढण, मग मोहाची झाडं, मग गाव. मी बिडी ओढत नाही, पण अंदाज आला. दोन बिड्यासुद्धा लागल्या नसत्या.

आणि गाव बघून मी थबकलो. शेणानं सारवलेली सतरा अंगणं, आणि प्रत्येक अंगणात अख्खं घर बसलेलं. म्हातारे, बाया, लेकरं, सगळे. भाऊंनी सांगून ठेवलं होतं : बाबू येईल, जो घरी नाही दिसणार तो यादीतून सुटेल. त्या तीन दिवसांत कुणी जंगलात गेलं नव्हतं, कुणी गुरं सोडली नव्हती. तीन दिवस ते असेच अंगणात बसून होते.

मी लिहायला बसलो. भाऊ प्रत्येक घरी माझ्या पुढे. वय कुणालाच माहीत नव्हतं. "हा वाघानं बैल नेला त्या वर्षाचा," "हे त्याच्याहून दोन पावसाळे लहान," असं ते सांगत आणि मी आकडा बसवी. धर्माच्या रकान्याशी आलो तेव्हा विचारलं, "धर्म काय लिहू?"

"तू तुहा काय लिवतो?"

"मी मुसलमान."

"तू तुहा लिव. आमचा आमचा लिव."

मी 'गोंडी' लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

शेवटी त्यांचं स्वतःचं घर आलं. भाऊ, बायको, म्हातारी आई, मुलगा, सून. भाऊ म्हणाले, "पाच लिव."

भाऊ धरून अंगणात पाचजणच होते. पण दांडीवर मुलीचा एक फ्रॉक होता, वाळत घातलेला नव्हे, घडी करून जपून ठेवल्यासारखा टांगलेला, आणि भाऊंनीच मागे कधीतरी बाजारातून मुलीसाठी रिबिनी नेल्याचं मला आठवत होतं.

"मुलगी?" मी विचारलं.

भाऊंची बायको उठली आणि आत गेली.

"लगन झालं तिचं," भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले. मग हळू आवाजात, "लिवू नोको बाबू. लिवलं तरी मरन, नाई लिवलं तरी..."

मला समजलं. बाजारात उडत उडत कानावर आलं होतं ते खरं होतं : वर्षभरापूर्वी ती पोर जंगलातल्या बंदूकवाल्यांसोबत गेली होती. गेली की नेली, ते भाऊंनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं एकेका माणसाला माझ्या टेबलासमोर आणून उभं करणारा हा माणूस, आणि स्वतःच्या मुलीला त्याला गाळावं लागलं. नियमानंही ती मोजली जाणार नव्हती. सहा महिन्यांहून जास्त घराबाहेर होती. मी नियम सांगितला नाही. पाच लिहिलं.

मी परत आलो त्याच्या पंधराव्या दिवशी एक पोलीस अधिकारी कचेरीत आले. इरपटोल्याची यादी दाखवा म्हणाले. शिरगणतीची पानं कुणाला दाखवायची नसतात, तसा कायदाच आहे. साहेबांनी तो कायदा त्यांना वाचून दाखवला. त्या दिवसापुरता मी साहेबांचा फार ऋणी झालो. अधिकारी चहा पिऊन गेले. पण गाव आहे हे तर आता त्यांना कळलंच होतं. पुढच्याच आठवड्यात ते स्वतः गावात गेले. इरपटोल्यात पाऊल ठेवणारं माझ्यानंतरचं पहिलं सरकार म्हणजे तेच. भाऊंच्या घरासमोर उभे राहून त्यांनी मुलीचं नाव घेऊन विचारलं.

आणि त्यानंतर नाल्याजवळच्या झाडाला एक चिठ्ठी चिकटवलेली सापडली : सरकारला गावाची यादी कोणी दिली?

चिठ्ठीत भाऊंचं नाव नव्हतं. पण प्रत्येक घरी माझ्या पुढे कोण चालत होतं, हे अख्ख्या गावानं पाहिलं होतं.

एका शनिवारी संध्याकाळी मी वडशाला घरी पोचलो, तर आमच्या दुकानाच्या पायरीवर भाऊ बसलेले. बायकोनं त्यांना घराबाहेर काढलं होतं. "जा म्हने, जीव घेऊन जा. सून पोटुशी हाये, इथी काई व्हायला नाई पायजे." पंच्यात बांधलेलं एक धोतर एवढंच सामान.

आमच्या अब्बांनी त्यांना काही विचारलं नाही. "कहाँ के हो, भाई?" एवढंच.

"इरपटोला."

"अच्छा, इरपटोला," अब्बा म्हणाले आणि रुईचे गठ्ठे सरकवून जागा केली. आयुष्यात पहिल्यांदा त्या नावाला कुणी पुरावा मागितला नव्हता. अब्बांनी त्यांचं नाव कधीच विचारलं नाही. दोन वर्षं त्यांना 'इरपटोलेवाले' म्हणूनच हाक मारली.

त्या दोन वर्षांत भाऊ रजईला टाके घालायला शिकले. अब्बांची दखनी हिंदी आणि भाऊंची गोंडी वळणाची झाडी बोली, दोघांना एकमेकांचं अर्धंच कळे, पण दुपारभर बोलणं चाले. अब्बा नमाजाला गेले की भाऊ दुकान सांभाळत. आलेल्या गिऱ्हाइकाला 'तू' म्हणत. एकदोन गिऱ्हाइकं रागावली, बाकीच्यांना ते आवडायचं.

हिवाळ्यात आमच्याकडे नाटकांचा हंगाम असतो. रात्र रात्र नाटकं, गावोगावचे लोक बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून येतात. मी भाऊंना मंडपात घेऊन गेलो. त्यांनी रंगमंचाकडे फारसं पाहिलं नाही. पूर्ण वेळ मागे वळून गर्दी बघत होते. "येवढे मानसं!" मला म्हणाले. "यायले कोन मोजलं असन, गा?"

पण वडसा त्यांना सोसत नव्हतं. "इथी दिशा समजत नाई," म्हणत. राईसमिलच्या भोंग्यानं दचकत. मागच्या गल्लीतून पुढच्या गल्लीत आणि परत, असे रोज सकाळी दहा-दहा फेऱ्या मारत, माणूस जंगलात जेवढं चालतो तेवढं पुरं करायला. आमच्या अम्मी म्हणायच्या, "पिंजऱ्यातला वाघ असाच चालतो."

दोन-तीन महिन्यांनी बायको भेटायला येई. घरी येत नसे. एसटी स्टँडवर झाडाखाली बसे. सुकलेला मोह, चारोळी, नातवाच्या गोष्टी. दोघं गोंडीत हळू आवाजात बोलत. परतीची गाडी लागली की भाऊ तिला खिडकीजवळ बसवून देत, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीची सळई धरून उभे राहत. एकदा कंडक्टर ओरडला, "चढायचं असन त चढा, नाईतर सोडा!" भाऊंनी सळई सोडली.

मग यादी छापून आली. नवी गाववार यादी. मी ती मुद्दाम शनिवारी घरी घेऊन गेलो. दुकानात उजेडाला धरून भाऊंना दाखवली. "हे इरपटोला. आणि हा इथे आकडा. निरंक गेलं, भाऊ."

त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. "यातलं मी कोनतं?"

"सगळ्यांचा मिळून एक आकडा असतो."

"मंग माही पोरगी नाई यात."

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी बोट काढून घेतलं. अब्बांनी पिंजायची मशीन बंद केली होती; ते रुई गोळा करत बसले.

त्या वर्षी मतदार यादी नव्यानं झाली. इरपटोल्याची नावं पहिल्यांदा त्यात आली. भाऊंचंही नाव मीच घातलं. ओळखपत्रांसाठी फोटोग्राफर गावोगाव जाणार होता. नावं यादीत आहेत, पण कोणतं नाव कुणाचं हे सांगायला माणूस लागतो. मी घरी सहज बोलून गेलो. बोलायला नको होतं.

सोमवारी पहाटे मी गाडीला निघालो तर भाऊ पायरीवर तयार. अंगात अब्बांचा जुना पांढरा शर्ट.

"भाऊ, नका जाऊ. मुलगा दाखवेल घरं."

"त्याले म्हाताऱ्याइचे नावं नाई मालूम. चूक झाली त?"

"झाली तर झाली."

"अशीच चूक झाल्ती ना मांगं," ते म्हणाले.

अब्बांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "वापस आना," म्हणाले. भाऊंनी मान हलवली. ती हो होती की नुसतीच, हे मला अजून सांगता येत नाही.

मी फोटोग्राफरसोबत गेलो होतो, म्हणून तो दिवस मी पाहिला. एका घराच्या भिंतीवर निळी चादर लावली, समोर स्टूल. भाऊंनी सगळ्यांना ओळीत बसवलं. प्रत्येकाचं डोकं ते स्वतः ओल्या हातानं चापून बसवत. ज्यांना कार्ड मिळणार नव्हतं त्या पोरांचंही. "हलू नोको. डोये उघडे ठेव. नाईतर तुले कोनी ओळखनार नाई." म्हाताऱ्या आईला उचलून स्टुलावर बसवलं. स्वतः सगळ्यात शेवटी बसले. फोटोग्राफर म्हणाला, "बाबा, हसू नका." तोवर भाऊ हसत नव्हते, ते ऐकून हसायला लागले. तीनदा प्रयत्न झाला. शेवटी त्यानं तसाच काढला.

परत निघताना मी म्हणालो, "चला भाऊ."

नातू त्यांच्या खांद्यावर होता. "चार दिस राह्यतो," म्हणाले. "मंग येतो."

चार दिवसांचा पावसाळा झाला. मी वाट बघितली, अब्बांनी बघितली. पोळ्याच्या सुमारास भाऊंचा मुलगा कचेरीत आला तेव्हा कळलं.

भर दुपारी दोघंजण घरी आले होते. साध्या कपड्यांतले. दोघांनाही त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी भाऊंना विचारलं, अमक्या गावाची वाट कुठून जाते. भाऊ जेवायला बसणार होते. ते उठले, म्हणाले, "दाखवून येतो," आणि त्यांच्या पुढे चालू लागले. कुणीही वाट विचारली की ते असेच पुढे चालायचे. मोहाच्या झाडांपर्यंत सुनेनं त्यांना पाहिलं. मग ते कुणालाच दिसले नाहीत.

ते दोघं कोण होते, हे गावात कुणी सांगत नाही. काही म्हणतात जंगलातले होते, काही म्हणतात पोलिसांचे. मी त्यांच्या मुलासोबत ठाण्यात जाऊन बेपत्ता असल्याची नोंद केली; तिथे आम्हालाच तीन तास प्रश्न विचारले. दुसऱ्या बाजूला विचारायची तर सोयच नव्हती. मुलगीही परत आली नाही. घरी येऊन मी अब्बांना सांगितलं. त्यांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

दीड-दोन वर्षांनी मी भाऊंच्या बायकोला निरोप धाडून बोलावून घेतलं. निराधार बायांना महिन्याला काही मिळतं, तिचा अर्ज करावा म्हणून. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली. मी खुर्ची दिली तरी बसली नाही. अर्जात मृत्यूचा दाखला लागत होता. तो कुठून आणायचा? प्रेत नाही तर दाखला नाही, आणि बेपत्ता माणसाला मेला म्हणायला सात वर्षं जावी लागतात. दप्तराच्या हिशेबानं भाऊ इरपटोल्यात राहत होते, जिवंत होते, त्यांच्या नावावर कार्ड होतं. मी हे सगळं तिला सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला नकोसा झाला.

"मतदार यादीतून नाव कमी करायचा एक फॉर्म असतो," मी म्हणालो. "तो दिला तर पुढे कधी उपयोग होईल. पण मग कार्डही जमा करावं लागेल."

"कार्ड काऊन?"

"नियम आहे."

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि कार्ड काढलं. मला दिलं नाही. नुसतं स्वतःपुढे धरलं. घरात भाऊंचा दुसरा कुठला फोटो नव्हता. अब्बांचा पांढरा शर्ट, चापून बसवलेले केस, आणि आवरता न आलेलं हसू.

"नाव राहू दे बाबूजी," ती म्हणाली. "पैसा नोको."

"बाई, नीट विचार करा. घरी नातू आहे."

"राहू दे."

मी फॉर्म खणात ठेवला. तिनं पदराचं टोक ओलं करून कार्डावरची धूळ पुसली, आधी त्यांच्या तोंडावरची, मग कडेची. पुन्हा एकदा पाहिलं. मग कार्ड पिशवीत घालून नाडी आवळली आणि बाजाराच्या गाडीची वेळ झाली का, ते मला विचारलं.